विकलेल्या बंदरांकडे निघालेलं जहाज

२४ जून १८४५ रोजी कोपनहेगन बंदरातून ‘गालाथेआ’ हे डॅनिश युद्धजहाज पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं. तीन डोलकाठ्या, २६ तोफा, सुमारे २३० माणसं. सगळी मदार शिडांवर. वाफेचं इंजिन नाही. अशा जहाजाला कॉर्व्हेट म्हणत: फ्रिगेटपेक्षा लहान, एकाच थरात तोफा, चालायला चपळ. निघताना कप्तानाला राजाच्या आज्ञा मिळाल्या होत्या, पण त्यांत कुणावर चढाई करायची नव्हती. हिंदुस्थानातली डेन्मार्कची ठाणी इंग्रजांना विकून झाली होती आणि त्या व्यवहाराची निरवानिरव व्हायची होती. निकोबार बेटं अजून विकली नव्हती. ती ठेवण्यासारखी आहेत का, हे पाहायचं होतं. पुढे चीनपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत डॅनिश व्यापाऱ्यांना कुठे दार उघडतंय ते चाचपायचं होतं आणि वाटेत भेटणारी झाडं, प्राणी, दगड, हत्यारं, वस्त्रं कोपनहेगनच्या संग्रहालयांसाठी गोळा करायची होती.

पसारा आवरायला निघालेल्या राज्याने आपलं जहाज दोन वर्षांहून अधिक काळ जगभर फिरवावं, याची कारणं दोनशे वर्षं मागे जातात.

डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी १६१६ मध्ये निघाली. चार वर्षांनी ओवे गेडे हा तरुण दर्यासारंग कोरोमंडल किनाऱ्यावर पोचला आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाशी त्याने करार केला. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर तमिळमध्ये कोरलेलं पत्र पाठवलं. ते आजही कोपनहेगनच्या अभिलेखागारात आहे. तरंगमबाडी हे मासेमाऱ्यांचं गाव डॅनिशांना मिळालं. त्यांच्या तोंडी त्याचं ‘त्रांकेबार’ झालं आणि किनाऱ्यावर डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला.

पुढे नायकांचं राज्य गेलं. १६७५च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजे एकोजी, तंजावरच्या गादीवर आले आणि त्रांकेबारचे डॅनिश मराठी राजांच्या मुलखातले भाडेकरू झाले. दरवर्षी ठरलेली रक्कम तंजावर दरबारी भरायची, नजराणे द्यायचे आणि कुरबुरी झाल्या की वाटाघाटी करायच्या, असा तो संसार होता. १६९९ मध्ये एकोजींचा मुलगा शहाजी याच्या फौजेने त्रांकेबारला वेढा दिला. मद्रासहून इंग्रजांची कुमक आली, म्हणून ठाणं बचावलं. शंभर वर्षांनी याच घराण्याचं याच गावाशी वेगळंच नातं दिसतं. १७५० मध्ये त्रांकेबारला उतरलेला श्वार्ट्झ हा मिशनरी पुढे तंजावरला गेला आणि बाल सरफोजी राजांचा पालक व शिक्षक झाला. सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहाला वैभव देणाऱ्या राजाच्या शिक्षणाचा एक धागा असा डॅनिश बंदरातून आलेला आहे.

दुसरं ठाणं बंगालमध्ये हुगळीकाठी होतं. १७५५ मध्ये घेतलेल्या या गावाला डॅनिशांनी आपल्या राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर म्हटलं; लोक श्रीरामपूर म्हणत राहिले, इंग्रजांनी त्याचं सेरामपूर केलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही, पण मराठीशी आहे, आणि तो फार जवळचा आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. १७९९ मध्ये आलेल्या मार्शमन आणि वॉर्ड यांना डॅनिश गव्हर्नर ओले बी याने श्रीरामपुरात आसरा दिला, आणि १८००च्या जानेवारीत विल्यम कॅरी त्यांना येऊन मिळाला. तिथे उभ्या राहिलेल्या छापखान्यातून १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण बाहेर पडलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. व्याकरणातली मराठी देवनागरीत होती. कोशासाठी मोडीचे खिळे पाडले गेले. एरवी बोरूने, शिरोरेघ आधी ओढून, हात न उचलता लिहायची ती मोडी शिशाच्या सुट्या सुट्या अक्षरांत बसवणं हे काम किती चिकाटीचं असेल, हे जुनं दफ्तर वाचलेल्याला सांगावं लागणार नाही. या कामात कॅरीला फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांची साथ होती. आपल्या भाषेची सुरुवातीची छापील पुस्तकं अशा गावात तयार झाली, जिथे तेव्हा डॅनिश झेंडा फडकत होता. कॅरीला थारा देणारं ते चिमुकलं परकं राज्य आपल्या मुद्रणाच्या इतिहासात सहसा कुणी आठवत नाही, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही ठाण्यांची भरभराट झाली ती इतरांच्या भांडणांमुळे. इंग्रज, फ्रेंच, डच एकमेकांची जहाजं पकडत असताना तटस्थ डेन्मार्कच्या झेंड्याखाली माल सुखरूप जायचा. इंग्रज कंपनीचे नोकरसुद्धा खाजगी कमाई डॅनिश जहाजांतून युरोपात धाडत. पण युद्धाच्या सोयीवर उभी राहिलेली श्रीमंती युद्धानेच बुडवली. नेपोलियन डॅनिश आरमार बळकावेल या धास्तीने इंग्रजांनी १८०७च्या सप्टेंबरात कोपनहेगनवर २ ते ५ तारखेपर्यंत तोफा आणि अग्निबाण डागले. शहर पेटलं, मुख्य चर्चचा मनोरा कोसळला. शरणागतीनंतर इंग्रजांनी गोदीतलं जवळजवळ सगळं आरमार ओढून नेलं. त्रांकेबार आणि श्रीरामपूर १८०८ ते १८१५ इंग्रजांच्या ताब्यात राहिली. १८१३ मध्ये डेन्मार्कचा खजिना दिवाळखोर झाला आणि १८१४ मध्ये नॉर्वे हातचं गेलं. ठाणी परत मिळाली तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड इकडे येऊ लागलं होतं. कोरोमंडलच्या छापील कापडाला पूर्वीचा उठाव नव्हता. पगार आणि डागडुजीचा खर्च मात्र चुकत नव्हता.

अशा स्थितीत १८३९ मध्ये ख्रिस्तियान आठवा गादीवर आला. शिंपले आणि खनिजं जमवण्याचा त्याला खरा नाद होता. त्याने केलेला हिशेब राजकारण्याचा होता आणि संग्राहकाचाही. २२ फेब्रुवारी १८४५ रोजी करार झाला: त्रांकेबार, श्रीरामपूर आणि बालासोरमधली एक जागा मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रज कंपनीला दिली. श्रीरामपूरच्या कॉलेजला डॅनिश राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली होती. ते अधिकार कायम राहतील, असं कलम करारात घातलं गेलं. कॉलेजची काळजी घेणाऱ्या या कागदासाठी त्या गावांत राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. विणकर, मासेमार, दुभाषी, कारकून, मिशनच्या शाळांतली मुलं रात्रीतून दुसऱ्या सरकारची रयत होणार होती. डेन्मार्कने हिंदुस्थान सोडला याचं पुढे कधीकधी सौजन्य म्हणून कौतुक होतं. मला त्यात सौजन्यापेक्षा पोकळ झालेली तिजोरी दिसते.

तरी राजाला गुपचूप जायचं नव्हतं. बंदरं जाणारच असतील तर त्या निमित्ताने डेन्मार्कचं जहाज जग फिरून येऊ दे, व्यापाराला नवी ठिकाणं मिळू देत, विद्येला नवा माल मिळू दे, असा त्याचा विचार होता. १८३१ मध्ये पाण्यात उतरलेलं गालाथेआ हे १८०७ नंतर काडीकाडीने पुन्हा उभारलेल्या आरमारातलं होतं. त्यावर कप्तान म्हणून नेमणूक झाली स्टेन अँडरसन बिले याची. त्याच्याच नावाचे वडील अ‍ॅडमिरल होते आणि १८०७ मध्ये कोपनहेगनच्या समुद्राकडच्या बचावाची जबाबदारी त्यांच्यावर होती. इंग्रज डॅनिश जहाजं ओढून नेत होते, त्या वर्षी धाकटा बिले नऊ वर्षांचा होता. अडतीस वर्षांनी त्याच इंग्रजांना उरलीसुरली ठाणी जाताना त्याला पाहायची होती.

जहाजावर शिपाई-खलाशांच्या जोडीला पंडितांचा छोटा ताफा होता. कील विद्यापीठातला बेन आणि कोपनहेगनचा राइनहार्ट हे प्राणिशास्त्रज्ञ, डिड्रिक्सेन हा वनस्पतिशास्त्रज्ञ, कीलेरुप हा कीटकांचा अभ्यासक, हिन्रिख रिंक हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ आणि दोन चित्रकार. युद्धजहाजावर वीतभर जागेचीही मारामार असते. तिथे बरण्या, टिपकागदाचे गठ्ठे आणि रंगांच्या पेट्या घेऊन बसलेल्या या मंडळींचा खलाशांशी दोन वर्षं जो शेजार घडला, तो या प्रवासाचा अर्धा इतिहास आहे.

सुएझचा कालवा व्हायला अजून चोवीस वर्षं होती. आफ्रिकेला वळसा घालून गालाथेआ ऑक्टोबरात कोरोमंडल किनाऱ्यावर आलं. त्रांकेबारला बंदर म्हणतात खरं, पण तिथे जहाज उभं करायला ना खाडी आहे ना धक्का. जहाजाने दूर खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि फेसाळत्या लाटांच्या रांगांमधून माणसं-माल मसुला होड्यांनी न्यायचा. या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, खिळा नावाला नसे. लाट आपटली की खिळ्याची होडी तडकते, शिवलेली नुसती अंग चोरते आणि पुढे सरकते. ऑक्टोबर हे तर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. वारा समुद्राकडून किनाऱ्यावर चाल करून येतो आणि शिडाच्या जहाजाला तिथे थांबणं म्हणजे जीव मुठीत धरणं.

श्रीरामपूरचा ताबा ११ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्रजांकडे गेला आणि त्रांकेबारचा ७ नोव्हेंबरला. पेडर हान्सन हा त्रांकेबारचा शेवटचा डॅनिश गव्हर्नर ठरला. सव्वादोनशे वर्षांचं ठाणं मोडलं, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. इंग्रजांना त्या बंदराचं फारसं काम नव्हतं. पुढे रेल्वे नागपट्टणमकडे गेली आणि त्रांकेबार मागे पडलं. त्यामुळेच त्याचे रस्ते, वेशीचा दरवाजा आणि डान्सबोर्ग किल्ला बऱ्याच अंशी जसेच्या तसे राहिले. समुद्राने मात्र आपला वाटा घेतला. किनाऱ्यावरचं मासिलामणिनाथाचं जुनं देऊळ लाटांनी अर्धंअधिक गिळलं आहे.

तिथून गालाथेआ कलकत्त्याला गेलं. निकोबारच्या खाड्यांमध्ये शिडाचं मोठं जहाज फिरवणं अवघड, म्हणून बिलेने कलकत्त्यातच ‘गँजेस’ नावाची लहान आगबोट मिळवली. शिडाच्या जहाजाने तपासणीच्या कामासाठी वाफेचा आधार घ्यावा, यातच पुढचा काळ दिसत होता.

निकोबारवर डेन्मार्कने १७५६ पासून हक्क सांगितला होता आणि बेटांना राजाच्या नावावरून फ्रेडरिक बेटं म्हटलं होतं. हक्क कागदावर होता, जमिनीवर वस्ती टिकत नव्हती. प्रत्येक प्रयत्न तापाने मोडला. १७६८ मध्ये नानकौरीवर आलेल्या मोराव्हियन मिशनऱ्यांनी जवळजवळ वीस वर्षं नेट धरला आणि एकामागून एक आपली माणसं पुरली. १८३१ मध्ये पुन्हा एक पाद्री वसाहत करायला आला. काही वर्षांत तीही विस्कटली. तरी कोपनहेगनला वाटत होतं की या बेटांवर कोळसा सापडला तर आगबोटींच्या नव्या युगात त्यांचं मोल वाढेल, कारण ती मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहेत.

१८४६च्या जानेवारी-फेब्रुवारीत गालाथेआची माणसं बेटाबेटांवर उतरली. लाकडी खांबांवर उभी, मधमाशांच्या पोळ्यासारखी घुमटाकार घरं, नारळांची राखणी, येणाऱ्या प्रत्येक जहाजाशी नारळांचा सौदा करणारे निकोबारी लोक. या लोकांना आपल्यावर कुणी राजा असल्याचं मान्य नव्हतं आणि ते मान्य करण्याचं त्यांना काही कारणही नव्हतं. रिंक हातोडी घेऊन ओढ्यांच्या पात्रांतून दगड तपासत फिरला. फायदेशीर कोळसा मिळाला नाही. सगळ्यात दक्षिणेच्या ग्रेट निकोबारवर होड्या घालून लोक एका नदीच्या वर गेले. दोन्ही काठांना घनदाट रान, वर आभाळाची एक पट्टी. त्या नदीला आणि ती जिथे समुद्राला मिळते त्या उपसागराला जहाजाचं नाव मिळालं. ग्रेट निकोबारच्या आतल्या रानात राहणाऱ्या शोंपेन लोकांशी बाहेरच्या माणसांची पहिली नोंदलेली भेट याच मोहिमेत झाली.

मग तापाने आपलं काम केलं. जहाजावरची माणसं एकेक करून अंथरुणाला खिळली. रिंकला हिवतापामुळे मोहीम अर्धवट सोडून घरी परतावं लागलं. दलदलीतून उठणारी दूषित हवा हेच त्या काळी कारण मानत. डासाचा हात आहे हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवून द्यायला अजून ५१ वर्षं होती. ज्या शत्रूचं नावच ठाऊक नाही, त्याच्यापुढे २६ तोफा काय करणार?

पुढचा प्रवास भरभर सांगता येतो. पेनांग, सिंगापूर, जावा, मनिला, चीनची बंदरं. अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या तहाने चीनची पाच बंदरं परकीयांना खुली झाली होती; तिथे डॅनिश व्यापाराला पाय ठेवायला जागा होती, पण इंग्रजांच्या सावलीतच. जपानच्या इदो आखाताच्या तोंडाशी गालाथेआ पोचलं, जपानी होड्यांनी त्याला गराडा घातला आणि किनाऱ्याला पाय न लावता ते परत फिरलं. त्याच उन्हाळ्यात अमेरिकन कमोडोर बिडल असाच हात हलवत परतला होता. बिलेकडे जबरदस्ती करण्याची ताकद नव्हती, आणि त्याने तसा आवही आणला नाही.

हवाईत मात्र त्या दुबळेपणाचंच काहीतरी चांगलं झालं. तिसऱ्या कामेहामेहा राजाने परकीय तोफांचे चटके सोसले होते. १८३९ मध्ये फ्रेंच कप्तान लाप्लासने युद्धाची धमकी देऊन तह लादला. १८४३ मध्ये इंग्रज कप्तान पॉलेटने बेटंच पाच महिने ताब्यात ठेवली. १९ ऑक्टोबर १८४६ रोजी होनोलुलूत बिलेने जो तह केला, त्यात डॅनिश प्रजेला इतरांइतक्याच सवलती मिळाल्या आणि आधीच्या बड्या राष्ट्रांनी घुसडलेल्या जाचक अटी त्यात नव्हत्या. एका लहान राज्याने दुसऱ्या लहान राज्याशी बरोबरीच्या नात्याने केलेला हा तह मला या अख्ख्या प्रवासातला सगळ्यात सन्मानाचा क्षण वाटतो. त्रांकेबारच्या लोकांना न विचारणारं तेच सरकार, तोच कप्तान. पण इथे समोर सही करणारा राजा होता.

ताहिती, व्हालपारायसो, पेरूचा किनारा, केप हॉर्नची थंडी, मग रिओ. २४ ऑगस्ट १८४७ रोजी, बरोबर दोन वर्षं दोन महिन्यांनी, गालाथेआ कोपनहेगनला परतलं. प्राणी, वनस्पती, खडक आणि देशोदेशीच्या वस्तू तिथल्या संग्रहालयांत गेल्या. पण संग्राहक राजाला ते सारं निवांत पाहायला वेळ मिळाला नाही. २० जानेवारी १८४८ रोजी ख्रिस्तियान आठवा वारला. दोन महिन्यांत श्लेस्विग आणि होल्स्टाइनच्या प्रश्नावरून युद्ध पेटलं, आणि १८४९ मध्ये राजाच्या एकतंत्री सत्तेच्या जागी राज्यघटना आली. बेन ज्या कीलचा, ते शहर आता शत्रूपक्षात होतं.

बिलेने प्रवासाचा वृत्तांत तीन खंडांत लिहिला. ते १८४९ ते १८५१ या काळात, म्हणजे बहुतांशी युद्ध चालू असतानाच छापले गेले. पुढे तो डेन्मार्कचा आरमारमंत्री झाला. निकोबारवरचा अहवाल वाचून जे ठरायचं ते ठरलं: १८४८ मध्ये डेन्मार्कने तिथून पाय काढला आणि १८६८ मध्ये उरलेला कागदी हक्कही इंग्रजांना दिला. रिंकने निकोबारच्या भूरचनेवर पुस्तक लिहिलं आणि अंगातला ताप उतरल्यावर दुसऱ्या टोकाला, ग्रीनलंडच्या बर्फात गेला. तिथल्या हिमनद्यांचा अभ्यास, तिथल्या लोकांच्या कथांचं संकलन आणि १८६१ मध्ये त्यांच्याच भाषेत सुरू झालेलं वृत्तपत्र यांमुळे त्याचं नाव राहिलं. विषुववृत्ताजवळच्या रानाने हाकललेला माणूस ध्रुवाकडे जाऊन रुजला.

जहाजाचं नावही त्या देशाने जपलं. १९५०-५२ मध्ये दुसरं ‘गालाथेआ’ खोल समुद्राचा शोध घ्यायला निघालं. त्याने फिलिपाइन्सजवळच्या गर्तेत १० किलोमीटरहून अधिक खोलीवरून जिवंत प्राणी वर काढले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच नामशेष झाल्याचं समजल्या गेलेल्या मृदुकाय गटातला एक जीवही त्याच्या जाळ्यात आला. त्याच्या शास्त्रीय नावात आज ‘गालाथेए’ आहे.

पहिल्या जहाजाचं नाव मात्र आपल्या नकाशावर आहे. इंदिरा पॉइंटजवळ ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाशी ‘गॅलेथिया’ नदी समुद्राला मिळते. २००४च्या त्सुनामीत तो किनारा काही मीटर खचला, दीपस्तंभाचा पायथा पाण्यात गेला. तरी थोड्या वर्षांत वाळूचा नवा पट्टा साठला आणि जगातली सगळ्यात मोठी समुद्री कासवं, लेदरबॅक, अंडी घालायला तिथे पुन्हा येऊ लागली. आता त्याच उपसागरात मालवाहू जहाजांसाठी प्रचंड बंदर उभारण्याची योजना आहे. २०२२ मध्ये तिला पर्यावरण मंजुरी मिळाली. कारण तेच आहे जे १८४५ मध्ये कोपनहेगनला दिसलं होतं: मलाक्काच्या वाटेवरचं ठिकाण. रानात शोंपेन आहेत. रात्री ओहोटीच्या रेषेपासून वर वाळूत जड वल्ह्यांसारख्या पायांनी उमटलेली एक रुंद खूण दिसते, मधे खड्डा, आणि तिथून परत समुद्राकडे गेलेली दुसरी खूण.